तीन पिढ्यांचं काम, रोज आणि शाळा: कोल्हापुरात घरोघरी विचारणाऱ्या नव्या अभ्यासकांसाठी

दलित कुटुंबांत आजा, बाप आणि नातू या तीन पिढ्यांत काय बदललं, हा विषय प्रबंधासाठी घेणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. मी करवीर तालुक्यातल्या बौद्ध वस्तीत वाढले आणि याच विषयावर काम केलं. नव्याने उतरणाऱ्यांना उपयोगी पडेल ते इथे लिहिते आहे.

प्रश्नावलीत ‘व्यवसाय’ असा एकच रकाना ठेवू नका. “आजोबा काय करायचे?” म्हटलं की उत्तर येतं, “रोजगाराला जायचे.” तिथे थांबू नका. सुगीत काय, पावसाळ्यात काय, लग्नसराईत काय, असं वर्षभर फिरवून विचारा. मग दिसतं की तोच माणूस गावकीचा सांगावा पोचवत होता, मेलेलं जनावर ओढून नेत होता, खळ्यावर राबत होता आणि उन्हाळ्यात रस्त्याची खडी फोडत होता. मातंग घरात दोर वळणं, केरसुण्या बांधणं आणि हलगी ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे असायची. चपलेच्या घरात पुरुष कातडं कापतो, शिवतो आणि बायका वेण्या घालतात. मजुरी जोडीवर ठरते आणि बहुतेकदा पुरुषाच्या हातात पडते, म्हणून कागदावर कारागीर एकच दिसतो.

बायकांचं काम वेगळं विचारा, आणि ते त्यांनाच विचारा. “ती घरीच असते,” असं नवरा दारात उभा राहून सांगतो. तीच मावशी एकटी बोलायला बसली की भांगलण, उसाची लागण, भाताची रोप लावणी, दुसऱ्याच्या घरची भांडी असं सगळं सांगते. ‘गृहिणी’ असं लिहून आलात तर कुटुंबाची निम्मी कमाई तुमच्या तक्त्यातून गळाली.

मजुरीचा जुना आकडा एकटा काही सांगत नाही. म्हातारी माणसं रुपया-दीड रुपया रोज सांगतात, आणि आजचा रोज त्याशेजारी मांडला की फार मोठी प्रगती झाल्यासारखं वाटतं. म्हणून पुढचा प्रश्न लगेच विचारा: त्या रोजात किती जोंधळे यायचे? वर्षातले किती दिवस काम मिळायचं? धान्यात मिळायचं ते कुणाच्या मापाने? उचल घेतली होती का, आणि ती फिटायला किती वर्षं लागली? साल आठवत नसेल तर कोयनेचा १९६७ चा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, पाच आणि एकोणीसचे महापूर हे टेकू घ्या. “भूकंपाच्या वेळी तुम्ही शाळेत होता का?” यावर वय, शाळा आणि काम तिन्ही हाती लागतं. मजुरीची विचारपूस मात्र शेतमालक किंवा मुकादम शेजारी असताना कधीही करू नका.

कोल्हापूरचा इतिहास बहुतेक जण प्रस्तावनेत चार पानं लिहितात आणि पुढे विसरतात. शाहू महाराजांच्या संस्थानातला १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम, १९०८ चं अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१८ ची महार वतनं (गावकीच्या कामाबदल्यात पिढीजात चालणारी जमीन आणि हक्क) रद्द करण्याची कारवाई, १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद हे सगळं घरातल्या माणसाच्या जन्मसालाशेजारी मांडा. १९१० साली जन्मलेला पणजोबा शाळेत गेला का? नसेल तर गावात शाळा नव्हती, की होती पण गुरं राखायला पाठवलं? गाव खालसा, म्हणजे थेट संस्थानाच्या ताब्यातलं होतं, की कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा अशा जहागिरीतलं? शेजारच्या ब्रिटिश मुलखातल्या सोयरिकीही तपासा, कारण तिथली कनिष्ठ गावकामगार वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. एकाच घरातल्या सासू-सुनेच्या माहेरांत असा चाळीस वर्षांचा फरक सापडू शकतो.

धंदा बदलण्याबद्दल विचारताना गंगाराम कांबळे यांची हकिगत लक्षात ठेवा. मारहाण सोसून नोकरीतून बाहेर पडलेल्या या माणसाने कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, आणि शाहू महाराज स्वतः तिथे चहा घ्यायला थांबू लागले. धंदा बदलायला भांडवल लागतं तसं गिऱ्हाईक लागतं. म्हणून किराणा दुकान, खानावळ, दूध असा व्यवसाय काढलेल्या कुटुंबाला विचारा: माल कोण घेतं? गावातून कोण येतं, आणि कोण येत नाही?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. देशात अनुसूचित जातींची साक्षरता १९६१ साली १०.२७ टक्के होती, २०११ साली ६६.०७ टक्के. स्त्रियांची ३.२९ वरून ५६.४६ वर गेली. (१९९१ पासून सात वर्षांवरचीच माणसं मोजतात, तेव्हा जुने-नवे आकडे थेट शेजारी ठेवताना तशी नोंद करा.) ही वाढ खरी आहे, आमच्या आज्यांनी पोटाला चिमटा काढून ती घडवली आहे. पण शिक्षण वाढलं तसा रोज वाढला, असा निष्कर्ष काढण्याआधी प्रत्येक पिढीपुढे एक रकाना जोडा: नोकरी पर्मनंट होती का?

हा रकाना भरला की चित्र पालटतं. सातवी फायनल होऊन शिक्षक झालेला, एसटीत किंवा शाहू मिलमध्ये लागलेला बाप असेल त्या घरात पुढची पिढी कॉलेजात पोचलेली दिसते. अंगठा उठवणारा पण नगरपालिकेत कायम झालेला सफाई कामगारही मुलांना पदवीपर्यंत नेतो. आणि त्याचा पदवीधर नातू ठेकेदाराकडे महिन्याच्या कराराने राबतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कायम पगाराची तेवढीच वाट उरली म्हणून शिकलेला मुलगा तोच झाडू हातात घेतो. त्याला शिकूनही जात सुटेना हे मला फार लागतं. वाचकालाही ते दिसावं यासाठी साक्षरता, मजुरी आणि नोकरीचं स्वरूप वेगवेगळ्या प्रकरणांत तोडू नका, एका घराची एकच ओळ ठेवा.

सांगितलेलं कागदाशी पडताळायला शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलमधलं कोतवाल बुक, सातबारा आणि जुने फेरफार पाहा. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदीसोबत जात असते. मोडी लिपी वाचता येत नसेल तर आधी शिका, १९४९ पूर्वीच्या संस्थानी दप्तरात तिचं काम पडतं. १९५६ नंतर एकाच कुटुंबात एका भावाच्या दाखल्यावर ‘महार’ आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ सापडेल, त्यांना दोन कुटुंबं मोजू नका. प्रबंधात फक्त माणसांची नावं बदलून भागत नाही. दहा-पंधरा घरांच्या वाड्यात गावाचं नाव आणि नोकरी एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, म्हणून गावही बदला.

जुनी नोंद सापडली की तिची प्रमाणित प्रत काढून त्या घरी द्या. जात प्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात, आणि तो नसल्याने प्रवेशाच्या वेळी मुलांची धावपळ होते. प्रत देताना त्यावर नोंदवहीचं नाव, साल आणि पान क्रमांक लिहून द्या, म्हणजे पुन्हा गरज पडली तर त्यांना कचेरीत थेट तेच पान मागता येईल.