अंध मुलांच्या मदतीसाठी आपली पहिली मॅरेथॉन: सरावाची आणि निधीची तयारी

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर ऐकून पहिल्यांदा धावणाऱ्याला धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अंध मुलांच्या शाळेसाठी निधी जमवायचा असेल, तर पायांइतकीच तयारी लोकांकडे मागण्याचीही करावी लागते, आणि माझ्या पाहण्यात बहुतेकांचे गणित तिथेच चुकते. डिसेंबरच्या अखेरीस सगळ्यांना एकच संदेश पाठवून फारसे काही जमत नाही. मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणून दोन्ही कामे ऑगस्टमध्येच हाती घ्यावीत. काही संस्थांमार्फत मिळणाऱ्या चॅरिटी बिबची, म्हणजे संस्थेसाठी निधी जमवणाऱ्याला मिळणाऱ्या शर्यतीच्या प्रवेश-क्रमांकाची, चौकशीही तेव्हाच करावी.

पहिले पाऊल धावण्याचे नाही. दादरची कमला मेहता अंधशाळा असो, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल असो किंवा आपल्या गावची एखादी शाळा, रीतसर परवानगी घेऊन तिथे एक सकाळ घालवावी. ब्रेल पाटीत जाड कागद अडकवून एखादी मुलगी स्टायलसने उजवीकडून डावीकडे एकेक टिंब टोचत जाते, मग कागद उलटून तेच टिंब डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचते, हे शेजारी बसून पाहावे. प्रत्येक अक्षरासाठी सहा टिंबांची जागा ठेवावी लागते आणि कागदही जाड लागतो, त्यामुळे आपल्याकडचे पातळसे पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये जाडजूड होते. पैसे नेमके कशाला लागतात हे एकदा असे कळले की मागताना शब्द शोधावे लागत नाहीत.

त्यानंतर शाळेला विचारून एकच नेमकी गरज ठरवावी: ब्रेल पुस्तके, पांढऱ्या काठ्या किंवा संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा. रकमेचा अंदाज शाळेकडूनच घ्यावा. आवाहनात मुलांना ‘बिचारी’ म्हणू नये आणि शाळेच्या संमतीशिवाय त्यांची छायाचित्रे वापरू नयेत; ही मुले अभ्यास करतात, भांडतात, खेळतात, आणि तसेच त्यांच्याविषयी लिहावे. सुरुवात दहा जवळच्या माणसांना प्रत्यक्ष फोन करून करावी, कारण पहिल्या काही देणग्या दिसल्या की इतरांचा हात मोकळा होतो. पैसे आपल्या खात्यावर न घेता थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्यावेत. करसवलतीची पावती हवी असणाऱ्यांना हेही सांगावे की २००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

सरावासाठी, न थांबता आठ-दहा किलोमीटर धावता येत असेल, तर अठरा ते वीस आठवडे पुरेसे होतात. त्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आठवड्यातून चार दिवस धावावे, एकूण अंतर एकदम न वाढवता साधारण दहा टक्क्यांनी वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्याला ते कमी करावे. रविवारची लांब धाव शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने करावी. नवखे धावपटू इथेच घाई करतात आणि गुडघे दुखवून घेतात. सर्वांत लांब, म्हणजे तीस-बत्तीस किलोमीटरची धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी पूर्ण करून मग अंतर उतरवत न्यावे. पावसाळ्यात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवावेत. मुंबईच्या दमट हवेत घामाबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी अति प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते, म्हणून लांब धावेत क्षार असलेले पेयही घ्यावे आणि कोणते पेय पोटाला मानवते हे सरावातच तपासावे.

सरावात एखादा दृष्टिहीन धावपटू सोबत्याच्या हाताशी छोट्या दोरीने जोडून धावताना दिसला, तर त्या सोबत्याचे बोलणे कान देऊन ऐकावे: पुढे खड्डा, डावीकडे वळण, आता चढ. जमल्यास त्यांच्या गटात सोबती म्हणून नाव द्यावे. त्या कामालाही माणसे लागतात.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवा पदार्थ, नवी गती यांतले काहीही नको. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू काढावेत, कारण गेल्या अनेक वर्षांच्या मार्गात पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यानंतर आलेला आहे. तो चालत चढला तरी चालेल.

शर्यत झाल्यावर आठवड्याभरात प्रत्येक देणगीदाराला जमलेली रक्कम आणि तिचा विनियोग कळवावा, आणि पदक घेऊन शाळेत जावे. ते मुलांच्या हाती द्यावे. त्यावरची उठावदार अक्षरे त्यांना चाचपू द्यावीत आणि मार्ग कसा होता हे ते विचारतील तितका वेळ बसून सांगावे.