इटलीत लढलेल्या आजोबांचा माग कसा काढावा

कोल्हापूर जिल्ह्यात, त्यातही सैनिक टाकळीसारख्या गावात, "आमचं आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होतं" असं सांगणारी घरं बरीच. कुठल्या पलटणीत, असं विचारलं की मात्र गाडी अडते. म्हणून सुरुवात इंटरनेटवर नाव टाकून करू नका, आधी माळ्यावरची ट्रंक उघडा.

डिस्चार्जचा कागद, पे-बुक, पेन्शनबुक यांत दोनच गोष्टी शोधायच्या: सर्व्हिस नंबर आणि पलटण. कागद नसतील तर पदकं बघा. सहा टोकांच्या ताऱ्यावर गोलात मोहिमेचं नाव इंग्रजीत असतं, तेच वाचा. इटली स्टारच्या रिबिनीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे सारख्या रुंदीचे पट्टे असतात, पण जुनी रिबीन कुणी बदललेलीही असते. पदकाला ब्रासो लावू नका. मागं नंबर कोरलेला असेल तर घासून पुसट होतो, आणि मग हातात काहीच उरत नाही.

पलटणीवरून बरंच उलगडतं. 1/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची पहिली पलटण, आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 ला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीचे. 3/5 दहाव्या डिव्हिजनमध्ये, टायबरच्या खोऱ्यात. तिथलेच व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला धारातीर्थी पडले. 2/5, म्हणजे 'काळी पाचवी', जून 1942 मध्ये लिबियातल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली. तिच्यातले आजोबा इटलीत असलेच तर बहुधा कैदी म्हणून; अवेझ्झानोला हिंदी कैद्यांची छावणी होती. घरातल्या गोष्टीत ही दोन्ही 'इटली' हमखास एक होतात.

मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. नंबर, कागदावर आहे तसंच नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, तुमचं नातं, एवढं त्यात हवं. झेरॉक्स जोडा, मूळ कागद पाठवू नका. अर्ज लिहायला कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागा. आजोबा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले, असतील तर बेळगाव नव्हे, पुण्याजवळची खडकी. संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये असतील तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार आधी गाठा.

युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मिळतात. जिवंत परतलेल्यांची तिथं शोधू नका. इथं स्पेलिंग घात करतं. पोवार, पवार, घाटगे, घाडगे, सगळी रूपं टाकून बघा. रेजिमेंटच्या जुन्या स्पेलिंगमध्ये 'मराठा'तला 'एच' 'आर'च्या आधी येतो आणि 'टी' दोन असतात. नाव सापडलं तरी थडगं नसेल, कारण हिंदू जवानांना अग्नी दिला जाई. त्यांची नावं सांग्रो नदीजवळच्या किंवा फोर्लीच्या दहन-स्मारकावर कोरलेली आहेत. नोंदीत आईवडिलांचं किंवा बायकोचं नाव आणि गाव असेल तर ते घरच्या माहितीशी ताडा. एकाच नावाचे जवान डझनानं निघतात.

पलटणीच्या युद्ध-रोजनिशा लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्यात नावं बहुतेक अफसरांचीच. पण तारीख माहीत असेल तर त्या दिवशी पलटण कुठल्या गावात होती, ते कळतं.