वस्तऱ्याने दाढी शिकताय? आधी या चुका टाळा

वस्तरा नवा घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हात कसा धरायचा?" मी उलट विचारतो, "धार कोणी लावली?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. सोललेले गाल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपला हात वळत नाही. हाताचं नंतर बघू. धार नसलेला वस्तरा मुरलेल्या न्हाव्याच्या हातातही केस ओढणारच.

मी बोलतोय ते अख्ख्या पोलादी पात्याच्या, धार लावून वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तऱ्याबद्दल. सलूनमध्ये आज दिसतो तो अर्ध्या ब्लेडचा. एड्सबद्दल जागृती झाल्यावर गिऱ्हाईकागणिक नवं पातं लावायची पद्धत रुजली आणि ती योग्यच आहे. पण "आधी अर्ध्या ब्लेडवर शिकतो, मग खरा घेतो" हा सल्ला जो तो देत सुटतो, तो मला पटत नाही. तो वस्तरा हलका असतो आणि नवं ब्लेड फार तिखट असतं. कोन जरा चुकला की कातडीत शिरतं. जड पातं स्वतःच्या वजनाने चालतं, ते कधी जाणवतच नाही. शिवाय पट्टा मारायची, म्हणजे पातं चामड्याच्या पट्टीवर ओढून धार सरळ करायची, सवय लागत नाही, आणि या विद्येतलं अर्धं काम पट्ट्यावरच असतं.

डबीतून काढला आणि गालावर ठेवला

नवा वस्तरा म्हणजे तयार वस्तरा नव्हे. जर्मनीतल्या सोलिंगेनचं चांगलं पातंसुद्धा कारखान्यातून येतं तेव्हा बरेचदा शेवटचा बारीक दगड मागतं. आणि ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांना, लाकडी मुठीवर नक्षी करून जे विकतात, त्यातल्या पुष्कळांचं पोलाद इतकं मऊ असतं की धार लागली तरी टिकत नाही. ते शोभेला ठेवायचे. दाढीसाठी घ्यायचा तर जो स्वतः दगडावर धार लावून देतो अशा माणसाकडून घ्या, जुना का असेना. पहिल्या वस्तऱ्याची रुंदी ५/८ इंच पुरते आणि टोक गोल असावं. चौकोनी, टोकदार पातं दिसतं देखणं, पण नवशिक्याच्या कानाच्या पाळीला तेच आधी लागतं.

पाठ उचलून धार लावणं

या एका चुकीने मी जितके चांगले वस्तरे नासलेले पाहिलेत, तितके गंजाने नासलेले पाहिले नाहीत.

मित्राच्या मुलाला गावच्या घरी, ट्रंकेत आजोबांचा वस्तरा सापडला. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, जाड पाठीचा, पात्यावर सोनेरी अक्षरं अजून शाबूत. पोरगा हुशार, पण उतावळा. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघून त्याने स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांच्या दगडावर धार लावायला घेतली. दगडावर पातं सपाट ठेवलं तर पाठीवर ओरखडे पडतील, सोनेरी काम जाईल, म्हणून त्याने पाठ दोन बोटं उचलून धरली. सुरीला लावतात तशी. बोटाला धार लागली, तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी गालावर ठेवला तर केस कापायच्या ऐवजी ओढायला लागला. ओढतोय म्हणून त्याने दाबला. जबड्याच्या हाडाखाली कातडी सैल असते, तिथे दाबलेलं पातं जरासं आडवं सरकलं. तुरटीने रक्त थांबेना, तेव्हा त्याचा मला फोन आला.

"काका, वस्तरा खराब आहे बहुतेक," म्हणाला. वस्तरा खराब नव्हता. भिंगाखाली धरला तर खऱ्या कडेच्या पुढे एक बोथट, वाकडीतिकडी दुसरी कडच तयार झाली होती. मधे रुंद, टोकाकडे अरुंद.

वस्तऱ्याची पाठ जाड असते ती काही वजनासाठी नाही. दगडावर पातं सपाट टेकवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, आणि पाठीच्या जाडीमुळे जो कोन होतो तोच धारेचा कोन. साधारण सोळा-सतरा अंश. बनवणाऱ्याने हा कोन पात्यातच घालून दिलेला असतो. पाठ उचललीत की तो गेला, आणि हाताने तेवढाच कोन प्रत्येक फेरीला धरणं कोणालाही जमत नाही. पाठ घासली जातेच, घासलीच पाहिजे. धार जितकी झिजते तितकी पाठही झिजली तरच कोन कायम राहतो.

ती सोनेरी अक्षरं जपायची होती, ते मलाही पटलं. अक्षरं पात्याच्या अंगावर होती, फक्त वरची ओळ पाठीला भिडलेली. म्हणून पाठीवर इलेक्ट्रिकच्या काळ्या चिकटपट्टीचा एकच पदर लावला आणि झिजला की बदलत गेलो. कोन केसभर वाढतो, चालतं. १००० च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) नवी कड पाडायलाच दोन संध्याकाळी गेल्या. मग ४०००, ८०००, शेवटी १२०००. पोरगा शेजारी बसून होता, कारण मी त्याला मुद्दामच उठू दिलं नाही. पाण्याचा थेंब कडेखालून कसा सरकतो, आवाज खरखरीचा सुरसुरीत कधी बदलतो, हे व्हिडिओत कळत नाही.

तुम्ही शिकाऊ असाल तर दगडाच्या भानगडीत पहिले काही महिने पडूच नका. नीट लावलेली धार, पट्टा रोज मारलात तर, सहज महिनोन्‌महिने चालते. आणि दारावर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला वस्तरा कधीच देऊ नका. विळी-कात्रीला त्याचं काम उत्तम आहे. पण कोरड्या चाकावर वस्तऱ्याची पातळ कड क्षणात तापते आणि पोलादाचा कडकपणा जातो. तो परत येत नाही.

पट्ट्यावर घाई

सिनेमात न्हावी पट्ट्यावर वस्तरा सपासप मारतो. ते बघून प्रत्येक नवशिक्या तसंच करतो, आणि पहिल्याच आठवड्यात पट्ट्याला तीन-चार चिरा पाडून ठेवतो. चिरेचं दुःख नाही. दुःख याचं की प्रत्येक चिरेबरोबर धार वळलेली असते, आणि त्याला वाटतं की वस्तऱ्याची धार "आपोआप" गेली.

पट्टा धार लावत नाही, लागलेली धार सरळ करतो. दाढी करताना ती अतिबारीक कड इकडेतिकडे झुकते, चामड्यावर ती परत ओळीत येते. म्हणून पातं पाठ पुढे, धार मागे असंच ओढायचं. दगडावर याच्या बरोबर उलट, तिथे धार पुढे. दुसऱ्या टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवर लोळवून उलटवा. पाठ चामड्यावरून सुटताच कामा नये. धारेवरून उलटवलात की झालं, आदल्या सगळ्या फेऱ्या वाया.

माझी सवय सांगतो. आधी जाड सुती कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. पट्टा ताठ ओढलेला. ढिला राहिला तर चामडं धारेभोवती वर येतं आणि कड गोल होते. दाब अजिबात नाही, फक्त पात्याचं वजन. चामडं पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर तिरपं ओढा, म्हणजे अख्खी धार त्यावरून जाते. आणि हळू. एक फेरी जायला-यायला दोन-तीन सेकंद घेतलेत तरी कोणी मागे लागलेलं नाही. ज्याला सकाळी यासाठी दोन-तीन मिनिटं नाहीत, त्याने वस्तरा वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पातं बदलायचा जिलेटचा सेफ्टी रेझर १९०३ पासून बाजारात आहे, घाईच्या माणसाची सोय तेव्हाच झाली.

"काका, पँटचा जुना पट्टा चालेल का?" हे दर वेळी विचारलं जातं. बहुतेक वेळा नाही. बाजारातले बरेचसे पट्टे चामड्याच्या चुऱ्याचे, वरून रंगाचा थर दिलेले असतात, आणि मधली शिवण धारेला लागते. एकसंध, गुळगुळीत, बिनरंगाचं चामडं हवं. कोल्हापुरात किंवा कुठेही चामड्याचं काम करणाऱ्याकडून तीन इंच रुंदीची पट्टी कापून घ्या. धार घासून तेज करायची हिरवी पेस्ट लावून दुखणं बरं करायचा मोह होतो, तोही आवरा. पेस्ट रोजच्या पट्ट्यावर लावायची वस्तू नाही. ती वेगळ्या पट्टीवर, धार खरंच मंदावली तर.

धार आली का हे बघायला नखावर घासू नका, कड तिथेच मरते. मनगटावरच्या केसांवरून, कातडीला न लावता, पातं हलकेच फिरवा. केस मधेच तुटून पडले तर पट्टा नीट झाला.

कोरडी दाढी

बिनपाण्याची हजामत ही शिवी म्हणून ठीक आहे, स्वतःच्या गालावर नको. दाढीचा केस भिजला की कापायला कितीतरी मऊ होतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. आंघोळीनंतरच दाढी करा. डब्यातला फवाऱ्याचा फेस दिसतो भरपूर, पण त्यात हवाच जास्त, तो मिनिटभरात सुकतो. ब्रश आणि साबण घ्या, पाणी थोडं थोडं घालत घोटा. फेस दह्यासारखा दाट आणि चकचकीत हवा. मोठे बुडबुडे दिसले तर अजून घोटा. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही अशी तक्रार असेल, तर पिण्याच्या फिल्टरचं वाटीभर पाणी घेऊन बघा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. सुकलेल्या फेसावर वस्तरा फिरवायचा नाही. पुन्हा ब्रश फिरवा.

पहिल्याच दिवशी अख्खा चेहरा

पहिला आठवडा फक्त गाल. कल्ल्यांपासून जबड्याच्या हाडापर्यंत, वरून खाली. बाकीचं नेहमीच्या रेझरने उरका. गाल सपाट असतो, दिसतो आणि ताणता येतो. हनुवटी आणि वरचा ओठ शेवटी. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. त्यांना पहिल्याच रविवारी फोटो टाकायचा असतो.

उलट्या हाताने खालून वर दाढी पहिला महिना करायचीच नाही. मानेवरचे केस तर अनेकांचे खाली वाढतच नाहीत. काहींचे आडवे, काहींचे वर. दोन दिवसांची खुंटं वाढू द्या आणि बोटं फिरवून बघा. ज्या दिशेला बोट गुळगुळीत जातं ती केसांची दिशा. माझ्या मानेची डावी बाजू उजवीपेक्षा निराळी आहे, तुमचीही असू शकेल.

बाकीच्या, थोडक्यात

कोन: पाठ आणि गालात पाठीच्या दुप्पट जाडीएवढी फट, म्हणजे साधारण तीस अंश. जास्त उभा केलात की कापेल, फार आडवा केलात की केस ओढेल.

ताण: न ताणलेल्या कातडीवर वस्तरा चालवू नका. मोकळ्या हाताची बोटं कोरडी ठेवा, ओल्या बोटांतून कातडी निसटते. तुरटी बोटांना लावली की पकड येते.

आडवा सरकवणं: टोमॅटो चिरताना सुरी दाबायची नसते, ओढायची असते, आणि वस्तरा गालावर धारेच्या रेषेत सरकला तर तेच होतं. हात नेहमी धारेला काटकोनात जावा, छोट्या फटकाऱ्यांनी.

दाब: दाढी झाल्यावर ओली तुरटी चेहऱ्यावर फिरवा. जिथे झोंबेल तिथे तुम्ही दाबला होता. हे रोज बघितलंत तर दुसऱ्या कोणी शिकवायची फारशी गरज उरत नाही.

औषधं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

दुसऱ्याला देणं: नाही. भावाला नाही, वडिलांनाही नाही. रक्तातून पसरणारे रोग नातं बघत नाहीत.

निसटणं: वस्तरा हातातून सुटला तर झेलायला जाऊ नका. हात वर, पाय मागे. पात्याला खाच पडेल ती दुरुस्त होते. बेसिनमध्ये आधीच टॉवेल पसरून ठेवलात तर बेसिनवर पडून खाचही पडत नाही.

पावसाळा

जुने चांगले वस्तरे बहुतेक साध्या कार्बन पोलादाचे असतात. स्टेनलेस नाहीत, म्हणून गंजतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर बाथरूममध्ये ठेवलेला वस्तरा रात्रीत ठिपके धरतो. दाढीनंतर गार पाण्याने धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीच्या फटीतलं पाणी टिपून घ्या, चामड्यावर दहाएक फेऱ्या मारून मग पात्याला पातळ खनिज तेल लावा. शिलाई मशीनचं तेल चालतं, खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं. ठेवायचा कपाटात, बाथरूममध्ये नाही आणि बंद चामडी पाकिटात तर नाहीच, कारण चामडं ओल धरतं. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि कापरासारखा किंवा आंबूस वास यायला लागला, तर ती मूठ कुजतेय आणि तिच्यातून निघणारा वायू पात्याला खातोय. असा वस्तरा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा आणि मूठ बदलून घ्या. पावसाळ्यात वापरात नसलेला प्रत्येक वस्तरा आठवड्यातून एकदा उघडून बघा. पाठीवर डाग आला तर पुसून निघतो, धारेवर आला तर तो पुन्हा दगडावर न्यावा लागतो.