नवजात बाळाची गृहभेट: आशाताईंचं दोन दिवसांचं सराव-प्रशिक्षण कसं घ्यावं

प्राथमिक आरोग्य केंद्रात आशा स्वयंसेविकांची उजळणी घेणाऱ्या गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या), आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. नवजात बाळाची तपासणी हे हाताचं, डोळ्याचं आणि कानाचं काम आहे. ते फळ्यावर शिकवलं की आशाताईंना धोक्याची लक्षणं तोंडपाठ होतात, पण बाळ समोर आलं की श्वास मोजता येत नाहीत. म्हणून दोन दिवसांतला निम्म्याहून जास्त वेळ सरावाला ठेवा.

हे काम गावातल्या बाईला जमतं, यात शंका नको. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना ते शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ पासून गृहभेटींचा कार्यक्रम देशभर आशांकडे आला. गडचिरोलीत नुसतं शिकवून सोडलं नव्हतं, मागोमाग घरी जाऊन कामाची तपासणीही होत होती. आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं.

तयारी

एका तुकडीत २४ पेक्षा जास्त जणी घेऊ नका आणि दर आठ जणींमागे एक प्रशिक्षक ठेवा. लसीकरणाचा दिवस, बाजाराचा दिवस आणि पेरणीचा आठवडा टाळा. प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात द्या, कारण त्या दिवसाची मजुरी बुडवूनच बहुतेक जणी आलेल्या असतात. अंगावर पिणारं बाळ असलेल्या ताईला त्याला घेऊन येऊ द्या. आईची परवानगी असेल तर श्वास मोजायला ते बाळ उपयोगीच पडतं.

सामान फार लागत नाही: प्रत्येकीचा स्वतःचा वजनकाटा, झोळी, थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ, शिवाय साबण, बादली, मग, काही बाहुल्या आणि एक किलोची सीलबंद मिठाची पाकिटं. बाहुलीत वाळू भरून तिचं वजन अडीच किलोच्या आसपास करा. हलक्या बाहुलीवर शिकलेल्या हाताला खरं बाळ उचलताना मान सावरण्याची सवय लागत नाही.

तपासणीचा क्रम

सगळ्यात आधी क्रम पक्का करून घ्या. हात धुणे, आईला दूध पाजण्याबद्दल विचारणे, श्वास मोजणे, तापमान आणि शेवटी वजन. वजनासाठी कपडे काढले की बाळ रडतं आणि गार पडतं. त्यानंतर मोजलेले श्वासही चुकीचे आणि तापमानही. बऱ्याच जणी घरात शिरल्या शिरल्या काटा काढतात, कारण घरच्यांना वजनाचीच उत्सुकता असते. 'आधी झोपेतच बघू या, वजन मग करू' हे वाक्य सगळ्यांकडून म्हणून घ्या.

हात कोपरापर्यंत, साबणाने, ४० ते ६० सेकंद धुवायचे. बांगड्या, अंगठी, घड्याळ आधी काढायचं. हात पदराला पुसायचे नाहीत, हवेतच वाळू द्यायचे.

श्वास मोजणे

इथे घाई करू नका. पहिल्या दिवसाची अख्खी दुपार याला द्या.

बाळ शांत असताना पोट-छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. नवजात बाळ काही क्षण भराभर श्वास घेतं, मग थोडं थांबतं, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा आकडा फसवतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर थांबून पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळ दवाखान्यात पाठवायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग ठळकपणे आत ओढला जात असेल, तर आकडा कितीही असो, पाठवायचं.

सरावासाठी बाळाच्या श्वासाचे तीन-चार व्हिडिओ भिंतीवर दाखवा. प्रत्येकीने न बोलता मोजून आकडा कागदावर लिहायचा, मग प्रशिक्षकाने आपला सांगायचा. पाचापेक्षा जास्त फरक असलेल्या ताईला बाजूला बसवून चूक कुठली ते शोधा. चुका ठरलेल्या असतात. आकडा दुप्पट आला तर पोट वर येणं आणि खाली जाणं वेगवेगळं मोजलं गेलं आहे. थोडा कमी आला तर नजर घड्याळाकडे जात होती. तेव्हा जोडी लावा, एकीने वेळ सांगायची, दुसरीने मोजायचं. घरी वेळ सांगायला बाळाची आत्या किंवा आजोबाही चालतात. चाळीसच्या पुढे मोजणी अडखळत असेल तर दर दहा श्वासांना एक खडा बाजूला ठेवायला शिकवा. कमी शिकलेल्या ताईला याची लाज वाटू देऊ नका. गडचिरोलीत मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन याच कामासाठी बनवलं गेलं होतं.

तापमान आणि वजन

थर्मामीटरचं टोक काखेत खोलवर, हात अंगाला चिकटवून, आवाज येईपर्यंत. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. आकड्याऐवजी 'लो' दिसलं तर बऱ्याच जणी यंत्र बिघडलं म्हणून ठेवून देतात. टोक सरकलेलं असू शकतं किंवा बाळ खरोखर धोकादायक गार असू शकतं, म्हणून पुन्हा लावायचं. पोट आणि तळपाय हाताच्या उलट्या बाजूने बघायचे. दोन्ही गार असतील तर बाळ लगेच आईच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं, आणि त्याच अवस्थेत दवाखान्याकडे.

काटा रिकाम्या झोळीसकट शून्यावर आणायचा. मग मिठाची दोन पाकिटं टाकून बघायची. ५० ग्रॅमपेक्षा जास्त फरक दाखवणारा काटा वर्गातच बदलून द्या, 'नंतर बघू' म्हणू नका. घरी झोळी अंथरुणापासून वीतभरच उंच राहील असा काटा धरायचा आणि आकडा डोळ्यासमोर आणून वाचायचा.

तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन जन्मापेक्षा कमी भरतं, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. ताई बोलून जाते, 'वजन घटलंय', आणि संध्याकाळी घरात पावडरचं दूध येतं. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत घट होते आणि साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते. उदाहरण सोडवून घ्या: जन्माला २८०० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी २६०० ग्रॅम. घाबरायचं नाही, अंगावर पाजणं बघायचं. २५२० ग्रॅमच्या खाली गेलं तर दवाखाना.

सासूबाईंशी बोलणं

दुसऱ्या दिवशी सकाळी नाटुकली घ्या. सासूची भूमिका सर्वांत अनुभवी ताईला द्या, ती खरे प्रश्न विचारते: चिकाचं दूध पिळून टाकायचं ना? नाळेला हळद-तेल लावू का? बाळगुटी कधीपासून? उत्तरं सगळ्यांना माहीत असतात (चीक पाजायचा, नाळेला काहीही लावायचं नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही). अडतं ते बोलण्याच्या रीतीवर. आधी घरातली एखादी चांगली गोष्ट दिसली ती बोलून दाखवायची, मग एका भेटीत एकच बदल सांगायचा आणि शेवटी आजीकडूनच तो परत सांगून घ्यायचा. पाचवीच्या पूजेला किंवा शेकायला विरोध करत बसू नका. शेगडीचा धूर बाळाच्या खोलीत नको, एवढंच पटवा.

भेटी, नोंदी आणि नंतरचा पाठपुरावा

दवाखान्यातल्या बाळंतपणात भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. जन्माचा दिवस म्हणजे पहिला दिवस. कॅलेंडरवर खुणा करायला लावा, निम्म्या जणी एका दिवसाने चुकतात. दूध सोडणं, अंग लुळं पडणं, झटके, पोट फुगणं, नाळेतून पू यांपैकी एकही दिसलं तरी पुढच्या भेटीची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ला फोन.

प्रशिक्षणानंतर महिन्याभरात गटप्रवर्तकाने प्रत्येक ताईसोबत निदान एका घरी जावं आणि तिच्यामागून स्वतः श्वास मोजावेत. सहाही भेटींत श्वास ४० आणि तापमान ९८ लिहिलेलं असेल, शाईही एकच असेल, तर भेटींचा फॉर्म एका बैठकीत भरलाय. रागावण्याआधी कारण विचारा. कधी थर्मामीटरचा सेल संपलेला असतो, कधी पाडा नदीपलीकडे असतो. रागावलं की पुढचे खोटे आकडे वेगवेगळे येतात, इतकंच.

दोन बाळं हमखास निसटतात. पहिलटकरीण माहेरी जाते. सासरची आशा समजते माहेरची बघेल, माहेरच्या आशेकडे नावच नसतं. सातव्या महिन्यातच माहेरच्या गावचा आणि तिथल्या आशेचा नंबर वहीत लिहायला लावा. दुसरं बाळ ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं. दिवाळीच्या सुमारास टोळ्या हलतात तेव्हा मुकादमाकडून कारखान्याचं नाव घ्यायचं आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. वजनं आणि लसी लिहिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या सामानात गेलंय का, हे गाडी हलण्याआधी ताईने स्वतः बघायचं.