गाडीतल्या मुलांसाठी खेळ: दर टोलनाक्याला नवा

गाडीत मान खाली घालून मोबाइल पाहताना डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण कानाच्या आतल्या भागाला वळणं आणि हेलकावे जाणवत असतात. हा मेळ बसला नाही की मळमळतं. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. म्हणून गाडीतल्या खेळाची पहिली अट एकच, मुलांची नजर खिडकीबाहेर हवी. दुसरी अट म्हणजे खेळ रंगात असतानाच थांबवायचा. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर त्यासाठी चार टोलनाक्यांच्या आयत्या खुणा आहेत: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी. नाका आला की खेळ बदला.

आदल्या रात्री

प्रत्येक मुलासाठी पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा पुठ्ठा घ्या आणि त्यावर १६ घरं आखा. घरांत चित्रं काढा: लाल एसटी, मेंढ्यांचा कळप, पाण्याचा टँकर, देवळाचा कळस, उसाचा ट्रॅक्टर, पवनचक्की. १० घरं सहज भरतील अशी, ४ जरा वाट पाहायला लावणारी आणि २ अवघड ठेवा. सगळीच अवघड असली तर अर्ध्या तासात रडारड ठरलेली. ऋतूही बघा. उसाचे ट्रॅक्टर गळीत हंगामात, म्हणजे हिवाळ्यात भरपूर दिसतात. मे महिन्यात ते घर रिकामंच राहतं, तिथे आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो चालेल. पुठ्ठ्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि दिसलेल्या वस्तूच्या घरावर खूण करायला टिकल्यांचं पाकीट घ्या. टिकली सीटखाली घरंगळत नाही, निघतेही सहज. मात्र ३ वर्षांखालच्या मुलाच्या हाती टिकल्या देऊ नका. टोकदार पेन्सिलीही घरीच ठेवा, जोरात ब्रेक लागला तर त्या लागतात.

खेड शिवापूरपर्यंत

काहीच खेळू नका. निघण्याच्या उत्साहात मुलं आपली आपण रमतात.

खेड शिवापूर ते आनेवाडी

या टप्प्यात खंबाटकीचा वळणावळणाचा घाट आहे, म्हणून इथे फक्त तोंडी खेळ. गावांच्या नावांची भेंडी सगळ्यांना येते, पण ती लवकर अडते, कारण आपली निम्मी गावं ‘गाव’, ‘पूर’ नाहीतर ‘वाडी’वर संपतात आणि सारखं व, र, ड येत राहतं. म्हणून नियम करा: अशा नावात त्या शेवटाच्या आधीचं अक्षर घ्यायचं. सोलापूरला ‘ल’, मग लोणंद, दौंड, डोंबिवली. ‘ळ’ आला तर ‘ल’ आणि ‘ण’ आला तर ‘न’ चालेल, हेही आधीच ठरवा. नंतर ठरवलेला नियम मुलांना लबाडीच वाटतो.

लहानांसाठी मंडईचा खेळ. पहिला म्हणतो, ‘मंडईत गेलो, मेथी आणली.’ दुसरा मेथी सांगून वांगी जोडतो, तिसरा दोन्ही सांगून तिसरी भाजी. पाच वर्षांचं मूल पाच-सहा भाज्यांनंतर अडखळतं. तेव्हा बाद करण्यापेक्षा मोठ्यांनी हाताच्या खुणेनं भाजी सुचवावी.

आनेवाडी ते तासवडे

इथे नंबरप्लेट. पुण्याची एमएच १२, साताऱ्याची ११, सांगलीची १०, कोल्हापूरची ०९: दक्षिणेकडे जाताना आकडा एकेकानं उतरत जातो. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. मध्येच ५० दिसली तर ती कराडची.

२० गाड्या मोजा आणि कोणता आकडा किती वेळा आला ते बोटांवर ठेवा. मोटारी लांबून आलेल्या असतात, त्यांवरून जिल्हा कळत नाही. दुचाकी आणि ट्रॅक्टर पाहा, त्यांवरून लगेच कळतो. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचता येत नाहीत, त्या सोडून द्या. पाटीचा रंगही ओळखायला लावा: पांढरी खासगी, पिवळी भाड्याची, हिरवी विजेवरची.

बेरीज येणाऱ्यांना शेवटचे चार आकडे द्या. ४७९३ म्हणजे २३, म्हणजे ५. एक अंक उरेपर्यंत बेरीज करायची. दोन-चार गाड्यांनंतर ९ सरळ सोडून द्यायचा हे हुशार मूल ओळखतं, कारण त्यानं उत्तर बदलत नाही. ते मुकाट्यानं जिंकू लागलं की इतरांना युक्ती सांगायला लावा.

तासवडे ते किणी

आता पुठ्ठे काढा. पुठ्ठा मांडीवर ठेवला की मान पुन्हा खाली जाते, म्हणून तो समोरच्या सीटच्या पाठीवर नजरेच्या उंचीला चिकटवा. दोन खिडक्यांतून सारखं दिसत नाही, त्यावरून हमखास भांडण होतं. चहाला थांबलात की जागा बदला. बक्षीस चॉकलेटचं नको, हात चिकट होतात आणि पोटही ढवळतं. जिंकणाऱ्यानं पुढचं गाणं निवडावं.

गाडी चालवणाऱ्याला कोणत्याही खेळात पंच करू नका, ‘बाबा, ते बघा’ही नको. पट्टा सोडावा लागेल किंवा हात बाहेर काढावा लागेल असा खेळ पहिल्याच मिनिटाला बंद करा.

किणीनंतर

मुलं दमलेली असतात. एकानं मनात एक वस्तू धरावी, बाकीच्यांनी हो-नाही उत्तरांचे २० प्रश्न विचारावेत. डोळे मिटूनही खेळता येतो. झोप लागली तर लागू द्या, पंचगंगेचा पूल आला की उठवा.