डायलिसिसवर असताना दात-हिरड्या कशा सांभाळायच्या

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मात्र मोजून. लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. म्हणून दिवसाच्या कोट्यातलंच 150 मिली पाणी ट्रेमध्ये गोठवा. 15 मिलीचे दहा खडे होतात. खडा चावू नका, जिभेवर विरघळू द्या. मधे साध्या पाण्याने चूळ भरून थुंकलं तरी बरं वाटतं. लिंबाची फोड चोखत बसू नका, दातांचं वरचं कवच झिजतं.

तोंडाला अमोनियासारखा वास येतो, कारण रक्तातला युरिया लाळेत उतरतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात. लवंग-वेलदोड्याने तो जात नाही. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा, पण गिळू नका. त्यात सोडियम असतं. वास एकदम वाढला तर किडनीच्या डॉक्टरांना सांगा.

ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची, दिवसातून दोनदा. मिश्री बंदच करा. तिने हिरड्या घट्ट होतात म्हणतात, पण ती भाजलेली तंबाखूच. कडक भाकरीचे तुकडे सुजलेल्या हिरडीला टोचतात, ताजी मऊ भाकरी बरी. शेंगाचटणीतलं मीठ तहान वाढवतं, शिवाय शेंगदाण्यात फॉस्फरस भरपूर, आणि तो निकामी किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जा. सोम-बुध-शुक्र असेल तर मंगळवार किंवा गुरुवार. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्यामुळे त्या दिवशी रक्त लवकर थांबत नाही; दुसऱ्या दिवशी त्याचा असर उतरलेला असतो, रक्तातली घाणही कमी असते. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर बीपी घेऊ देऊ नका. दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मेडिकलमधून आणू नका. पॅरासिटॅमॉल चालते, तीही विचारून. अँटिबायोटिकचा डोस किडनीच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचा.

समोरच्या दातांमधली हिरडी फुगून दातावर चढू लागली, तर बीपीची अॅम्लोडिपिन त्याचं कारण असू शकते. गोळी स्वतःहून सोडू नका, बदलता येते का विचारा. किडनी बसवायची असेल तर किडलेले दात आधीच उरकून घ्या. नंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना साधा पू झालेला दातही महागात पडतो.

दात काढल्यावर गॉज अर्धा तास घट्ट चावून धरा, उचलून पाहू नका, सारखं थुंकू नका. तरी रक्त थांबलं नाही तर रात्र न काढता दवाखाना गाठा.