डास्टने (डायएथिलअमिनोसल्फर ट्रायफ्लोराइड) अल्कोहोलचा ओएच गेला, फ्लोरीन आला. पण कोणत्या वाटेने?

जळगाव-धुळ्याकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टला डीऑक्सिफ्लोरिनेशन (ओएचच्या जागी फ्लोरीन बसवणं) घेतलं असेल, तर आधी वाटा कागदावर मांडा. डास्टमधला सल्फर अल्कोहोलचा ऑक्सिजन धरतो, एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) सुटतो. इथवर वाद नाही. पुढे फ्लोराइड मागच्या बाजूने कार्बनवर येतो (एसएन२), की आधी कार्बोकॅटायन, म्हणजे धनभारित कार्बन, बनतो (एसएन१), एवढंच ठरवायचं आहे.

सुरुवात चिरल अल्कोहोलपासून करा, म्हणजे ज्याची आरशातली दोन रूपं (आर आणि एस) वेगळी असतात. (एस)-२-ऑक्टेनॉल १३० मिग्रॅ (१ मिलिमोल), कोरडं डीसीएम (डायक्लोरोमिथेन) ५ मिली, नायट्रोजनखाली ड्राय आइस-अ‍ॅसिटोनमध्ये उणे ७८ अंश. डास्ट ०.१५ मिली थेंब-थेंब. तासाभराने शून्यावर आणा आणि बर्फात ठेवलेल्या संपृक्त सोडियम बायकार्बोनेटमध्ये सावकाश सोडा. भरपूर फसफसतं, बूच लावू नका. सगळं फ्यूम हूडमध्ये. एचएफने भाजलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवंच. डास्ट ९० अंशांच्या आसपास स्फोट होऊन फुटतं, म्हणून ते कधीही तापवायचं नाही.

वहीत ‘रूम टेम्परेचर’ लिहू नका. आपल्याकडे मे महिन्यात लॅबचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि डीसीएम उकळतं ४० अंशांना. शिवाय तापमान वाढलं की एलिमिनेशन वाढून ऑक्टीन जास्त निघतं; मेमधले आकडे डिसेंबरच्या आकड्यांशी जुळणार नाहीत.

चिरल जीसीवर (आर आणि एस वेगळे दाखवणारी गॅस क्रोमॅटोग्राफी) जवळपास निव्वळ (आर)-फ्लोराइड दिसलं, तर एसएन२. रेसिमिक (आर आणि एस निम्मे-निम्मे) मिश्रण आलं तर कॅटायनचा संशय धरा. बेंझिलिक अल्कोहोलमध्ये हे सहज होतं. आयसोब्युटाइल अल्कोहोलपासून टर्ट-ब्युटाइल फ्लोराइडही मिळतं, म्हणजे शेजारच्या कार्बनवरचा हायड्राइड कॅटायनकडे सरकला.

सायक्लोप्रोपाइलमिथाइल अल्कोहोलची रिंग उघडली की लोक लगेच ‘रॅडिकल’ म्हणून मोकळे होतात. घाई नको. कॅटायननेही ती उघडते. फरक हा की कॅटायनमधून सायक्लोब्युटाइल फ्लोराइडही येतं.

खरी फसगत हॅमेट स्पर्धेत होते, म्हणजे रिंगवरच्या गटाने वेग किती बदलतो ते दोन अल्कोहोलं एकत्र ठेवून पाहताना. पॅरा-मेथॉक्सी आणि पॅरा-नायट्रो बेंझिल अल्कोहोल एकत्र घेऊन डास्ट कमी टाकलं, तर स्पर्धा सल्फरवर बसण्याची लागते. पहिली पायरी परत फिरणारी नसेल, तर मिळालेला रो (त्या बदलाचं माप) कार्बन-फ्लोरीन बंधाबद्दल काहीच सांगत नाही. डास्ट जास्त घ्या, दोन्ही अल्कोहोलं पूर्ण अ‍ॅक्टिव्हेट होऊ द्या, मग दोन्हींचे वेग वेगवेगळे मोजा.

फ्लोरीन एनएमआर पुण्या-मुंबईला पाठवत असाल, तर खिडकी (मोजायचा पट्टा) अधिक १०० ते उणे २४० पीपीएम मागा. सल्फरवरचे फ्लोरीन धन बाजूला असतात. नेहमीच्या खिडकीत इंटरमिजिएट दिसतच नाही. २-फ्लुओरोऑक्टेन उणे १७० च्या आसपास येतं. उणे १५० जवळ टोकदार सिग्नल दिसला तर नवं इंटरमिजिएट समजून हुरळू नका. बहुतेक वेळा एचएफने काच खाऊन केलेलं ते टेट्राफ्लुओरोबोरेट असतं. तोच प्रयोग टेफ्लॉन लायनरमध्ये करून पाहा.